पाचव्या फाउलपर्यंत

जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी, डेक्कनच्या बाजूच्या एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर आमच्या रेफरी सरांचा सत्कार झाला. चाळीसहून अधिक वर्षे शालेय बास्केटबॉलचे सामने चालवल्यानंतर त्यांनी शिट्टी खाली ठेवायचे ठरवले, आणि त्या शिट्टीवर थांबत-धावत मोठ्या झालेल्या आम्ही साठ-सत्तर जणांनी मिळून हा कार्यक्रम योजला. शाल, श्रीफळ आणि पुणेरी पगडी यांवाचून पुण्यात कोणाचा सत्कार पुरा होत नाही, त्यामुळे ते सारे रीतसर झाले. मात्र सरांनी आधीच एक अट घातली होती. भाषणे दोनच व्हावीत आणि त्यानंतर एक पूर्ण सामना व्हावा, दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा, टेबल मांडून, स्कोअरशीट भरून, आणि तो त्यांनीच चालवावा. स्कोअरशीट लिहायला त्यांनी मला बसवले. मी आता पन्नाशीच्या जवळ आले आहे, चेंडू हातात घेऊन मला वीस वर्षे तरी झाली असतील, तरीही त्या टेबलाशी बसताना माझे तळहात घामाने ओले झाले होते.

आम्ही त्यांना सर म्हणत असलो तरी ते कोणत्याच शाळेत शिकवत नव्हते. एका सरकारी कार्यालयात त्यांची नोकरी होती, आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धा सुरू झाल्या की वर्षभर साठवलेली रजा ते त्या पावसाळी महिन्यांत खर्च करत. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील मुले आणि तेवढ्याच वयाच्या मुली असे सहा गट, त्यामुळे दिवसाला सहा-सात सामने सहज होत. सत्काराच्या वेळी काकूंना दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा त्या इतकेच म्हणाल्या की, आमच्या घरी दिवाळीपर्यंत रजा कधी उरलीच नाही. त्या हसत म्हणाल्या, सगळे हसले, पण टाळ्या वाजवताना मला त्यातला हिशेब जाणवला. मिळणारे मानधन स्कूटरच्या पेट्रोलला आणि बुटांना पुरत असेल, फार तर.

या स्पर्धा बाद पद्धतीने होतात. पहिल्या फेरीत हरलेला संघ त्याच दुपारी बसने घरी जातो, आणि त्या मुलांचा वर्षाचा बास्केटबॉल तिथेच संपतो. काही शाळांना स्वतःचे कोर्ट नसते. मुले मैदानात एखाद्या खांबावर चेंडू मारून सराव करून आलेली असतात, आणि त्यांच्यासमोर डेक्कन जिमखान्यावर रोज दोन तास घाम गाळणारी मुले उभी राहतात. १९०६ साली सुरू झालेल्या त्या जिमखान्याच्या आसपास पुण्याचे खेळाचे वेड किती मुरलेले आहे हे मी वेगळे सांगायला नको, पण ते वेड शहराच्या साऱ्या कोपऱ्यांत सारखे पोचलेले नाही. अशा सामन्यात गुणफलक चाळीस विरुद्ध दोन असा दिसू लागला की बरेच पंच मनाने घरी निघून जातात. सर अशा सामन्यांत अधिक सावध असत. हरणाऱ्या संघातली एखादी मुलगी चेंडू हातात धरून तीन पावले चालली, तर शिट्टी वाजत असे, दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवून ट्रॅव्हलिंगची खूण होत असे, आणि चेंडू समोरच्या संघाकडे सोपवता-सोपवता ते तिला हळूच सांगत, ‘मागचा पाय खिळल्यासारखा ठेव.’ पुढच्या वेळी ती पाय खिळवून ठेवी. वर्षातला तिचा तो एकच सामना होता, आणि त्यात ती पिव्हट, म्हणजे एक पाय रोवून वळणे, शिकून गेली.

माझी त्यांच्याशी पहिली गाठ १९९० च्या सुमारास, मी आठवीत असताना पडली. त्या काळी जर्सीवर चारपासून पंधरापर्यंतचेच आकडे असत. सरांनी आम्हांला त्याचे कारण सांगितले होते की एक, दोन आणि तीन ही बोटे पंचाला गुण आणि तीन सेकंद (समोरच्या रिंगखालच्या चौकोनात त्याहून जास्त थांबायचे नाही) दाखवायला लागतात, मग खेळाडूचा क्रमांक त्यांत मिसळायला नको. मला सात नंबर मिळाला होता. पहिल्याच सामन्यात समोरची मुलगी रिंगखाली शॉट घेत असताना मी उडी मारून हात घातला, आणि शिट्टी वाजली. मी जागच्या जागी उभी राहिले आणि खाली बघू लागले, कारण मोठ्या माणसाने चूक पकडली की असेच उभे राहायचे हे मला शाळेने आणि घराने शिकवले होते. सरांनी मूठ मिटून हात वर केला, टेबलाकडे जाऊन एका हाताची पाच आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे दाखवली, स्वतःच्या मनगटावर दुसऱ्या हाताने हलकेच मारून दाखवले, आणि दोन फ्री थ्रोसाठी, म्हणजे कोणी न अडवता मारायच्या दोन शॉटसाठी, दोन बोटे वर केली. परत येताना माझ्याजवळून जाता-जाता ते म्हणाले, ‘हात मनगटाला लागला. चेंडूला लागला असता तर चालले असते. रांगेत उभी राहा.’

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि मला त्यावर राग सापडला नाही. मी तो शोधत होते हे मला त्या क्षणी कळले. आमच्या लहानपणी चूक आणि राग या दोन गोष्टी इतक्या एकत्र यायच्या की चूक म्हणजेच समोरच्याचा चढलेला आवाज असे आम्हांला वाटायचे. गणितात हातचा विसरला की वहीबरोबर आई-वडिलांची, वळणाची, पुढच्या साऱ्या आयुष्याची चर्चा व्हायची. इथे एका माणसाने सगळ्या मैदानासमोर माझी चूक दाखवली होती, तिला नाव दिले होते, ती माझ्या नंबरासमोर लिहवून घेतली होती, आणि तेवढ्यावर ती संपली होती. अशा चार चुका करूनही मी खेळू शकत होते, आणि पाचव्या चुकीला बाहेर बसायचे होते. तिथेही कोणी काही बोलणार नव्हते, माझ्या जागी दुसरी मुलगी आत येणार होती. मला वाटते, माझ्या आयुष्यात माझ्यावर न रागावता माझ्याविरुद्ध निर्णय देणारे ते पहिले मोठे माणूस होते. त्या रविवारी कोर्टवर जमलेल्यांपैकी अनेकांनी आपापल्या शब्दांत मला हेच सांगितले, म्हणून मी ते इथे जरा ठामपणे लिहिते आहे.

या खेळात अशी मोजणी पहिल्या दिवसापासून आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नाइस्मिथ यांनी हिवाळ्यात घरात खेळता येईल असा खेळ शोधला, सज्जाला पीच फळांच्या टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. त्यांतल्या पाचव्या नियमात खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाय घालणे यांना मनाई आहे. पहिल्यांदा केले तर तो फाउल, आणि दुसऱ्यांदा केले तर पुढचा गोल होईपर्यंत त्या खेळाडूने बाहेर राहायचे. दहाव्या आणि अकराव्या नियमांत दोन अधिकारी सांगितले आहेत: अंपायर हा माणसांचा न्यायाधीश आणि रेफरी हा चेंडूचा न्यायाधीश. ही वाटणी वाचली तेव्हा मला सरच आठवले. आज दोन्ही पंच दोन्ही कामे करतात, पण माणसांचा न्याय आणि चेंडूचा न्याय ही वेगवेगळी कामे आहेत हे सरांकडे पाहताना स्पष्ट दिसायचे. रेषेबाहेर गेलेल्या चेंडूचा निर्णय ते पापणी लवायच्या आत देत, आणि माणसाला माणूस धडकला की शिट्टी आणि खूण यांच्यामध्ये त्यांचा एक श्वास जात असे. मराठीने या माणसाला पंच हे नाव दिले ते गावच्या पाच जणांवरून, पाचामुखी परमेश्वर म्हणणाऱ्या परंपरेतून. बास्केटबॉलमध्ये खेळाडू पाच, फाउल पाच, आणि त्या पाच जणांचे काम करणारा हा एकटा किंवा दोघे.

सरांच्या कारकिर्दीत खेळाचे नियमही किती बदलले. तीन गुणांची रेषा आंतरराष्ट्रीय नियमांत आली ती १९८४ साली, आणि सर त्याच्या आधीपासून सामने चालवत होते. २००० साली वीस मिनिटांच्या दोन अर्धांची जागा चार क्वार्टरने घेतली, शॉट घेण्याचे तीस सेकंद चोवीस झाले आणि चेंडू पुढच्या अर्ध्यात नेण्याचे दहा सेकंद आठ झाले. २०१० साली रिंगखालचा समलंब चौकोन आयत झाला आणि तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर सरकली. परदेशात नियम बदलतो तेव्हा कोर्टवरचा रंगही बदलतो. आपल्या शाळांत जुना रंग उन्हापावसाने आपोआप उडेपर्यंत तसाच राहतो. त्या वर्षांत एकाच कोर्टवर दोन-दोन रेषा दिसायच्या, आणि सर सामन्याआधी दोन्ही संघांना रिंगखाली नेऊन, बुटाच्या टोकाने एकेक रेषा दाखवून, कोणती खरी धरायची ते समजावून सांगायचे. नव्या नियमांची झेरॉक्स ते स्वतःच्या पैशांनी काढून शाळांच्या क्रीडाशिक्षकांना वाटत. हे करायला त्यांना कोणी सांगितले नव्हते.

पावसाचाही त्यांच्याशी जुना संबंध. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातली उघडी कोर्ट दिवसातून चार वेळा भिजतात. मग सामना थांबतो, दोन्ही संघांची मुले मिळून गोणपाटाने आणि वायपरने पाणी सारतात, आणि सर सगळ्या कोर्टवर एकेक पाऊल घासत फिरतात. ते पाऊल घसरले की पुन्हा गोणपाट. क्रीडाशिक्षकांना वेळापत्रकाची घाई असते, बस उभी असते, पण मुलाचा गुडघा फुटेल अशा सिमेंटवर त्यांनी चेंडू वर टाकून सामना कधी सुरू केला नाही. त्यांची जुनी पितळी शिट्टी या दमट हवेत हमखास दगा द्यायची, आतला बुचाचा मणी फुगून अडकायचा. कॅनडातले पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांच्यावर एका मोठ्या सामन्यात हीच वेळ आली होती, आणि त्यातून त्यांनी मण्याविना वाजणारी शिट्टी तयार करवून १९८७ साली बाजारात आणली. सरांकडे ती फार उशिरा आली. पहिल्यांदा वाजवली तेव्हा तिच्या आवाजाने ते स्वतःच दचकले, असे त्यांच्या जोडीने उभे राहणाऱ्या दुसऱ्या पंचांनी भाषणात सांगितले.

आता मला जे लिहायचे आहे ते मी बरीच वर्षे कोणाला नीट सांगितले नव्हते. मी दहावीत होते. शहराच्या स्पर्धेतला सतरा वर्षांखालील मुलींचा अंतिम सामना, आम्ही एका गुणाने मागे, आणि शेवटची काही सेकंदे उरलेली. टेबलावर हॉर्न नव्हता. वेळ संपली की टाइमरने हातातली घंटी वाजवायची, अशी सोय होती. मी डाव्या बाजूने आत शिरले, लेअपसाठी, म्हणजे धावत रिंगजवळ जाऊन उडीत मारायच्या शॉटसाठी, चेंडू सोडला, घंटी वाजली आणि चेंडू रिंगमधून खाली आला. घंटी आधी की चेंडू आधी, हे तिथल्या तीनशे जणांपैकी प्रत्येकाला ठाऊक होते, आणि प्रत्येकाचे उत्तर आपापल्या शाळेप्रमाणे होते. सर टेबलाकडे गेले. टाइमर म्हणून नववीतला एक मुलगा बसला होता, त्याच्याभोवती मोठ्या माणसांचा गराडा पडला होता आणि त्याचे ओठ थरथरत होते. सरांनी त्याला विचारले, ‘तू घड्याळाकडे बघत होतास ना?’ त्याने मान हलवली. ‘मग तुझे काम तू बरोबर केलेस,’ ते म्हणाले, आणि वळून त्यांनी छातीसमोर दोन्ही हात कात्रीसारखे फिरवले. बास्केट रद्द. आम्ही एका गुणाने हरलो.

मी रडले, आमच्या बाई रागावल्या, बसमध्ये कोणी बोलले नाही. पुढे कित्येक वर्षे मी ही गोष्ट अन्याय म्हणूनच सांगत आले, कारण चेंडू घंटीच्या आधी सुटला होता हे माझ्या बोटांना ठाऊक होते, आणि अजूनही आहे. नोकरीला लागल्यावर एकदा लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका अमृततुल्यमध्ये सर भेटले. चहा घेता-घेता मी धीर करून विचारले. त्यांना सामना आठवत होता, नंबरसुद्धा.

‘तुझा डावा खांदा मध्ये आला,’ ते म्हणाले. ‘मी दोन पावले आत असायला हवा होतो. चेंडू हातातून सुटताना मला दिसला नाही, आणि जे दिसले नाही ते मला देता येत नाही. चुकीच्या जागी उभा होतो. चूक माझीच.’

त्यांनी हे ज्या आवाजात सांगितले त्याच आवाजात त्यांनी मला आठवीत मनगटाचे सांगितले होते. स्वतःवर ते रागावलेले नव्हते, आणि माझ्याकडून काही अपेक्षाही नव्हती. चुकीची जागा, चुकीचे कारण, आणि पुढचा घोट. मी मात्र तिथे बसून एका गोष्टीचा विचार करत राहिले. त्या दिवशी टेबलाशी त्यांना एक सोपा मार्ग उपलब्ध होता. टाइमरला आणखी दोनदा जोराने विचारले असते, तर त्या घाबरलेल्या मुलाने काहीतरी उत्तर दिले असते, आणि निर्णयाचा सारा भार चौदा वर्षांच्या त्या पोरावर जाऊन सरांना हात झटकता आले असते. आम्हां मुलींच्या बाजूचे उत्तर आले असते तर कदाचित मी जिंकलेही असते. त्यांनी तो भार उचलून स्वतःच्या अंगावर घेतला आणि आमच्या बसमधल्या शिव्याही घेतल्या. मला आज ती ट्रॉफी नको आहे, असे मी खोटे लिहिणार नाही. पण मी आई झाल्यावर, शाळेच्या वयाच्या मुलीला सांभाळताना, तो प्रसंग मला फार वेगळा दिसू लागला.

चहा संपता-संपता त्यांनी मला पंचगिरीची एक गोष्ट सांगितली. नवा पंच चेंडूकडे पाहतो, थोडा जुना झाला की खेळाडूंकडे पाहू लागतो, आणि बऱ्याच वर्षांनी त्याला कळते की पाहायची असते ती दोन खेळाडूंमधली फट. फट दिसत असेल तर स्पर्श झाला की नाही हे सांगता येते. एकाच्या पाठीमागे उभे राहिले तर फक्त पाठ दिसते. म्हणून पंचाने सतत सरकत राहायचे, बेसलाइनवर, साइडलाइनवर, एखादे पाऊल इकडे, एखादे तिकडे, फक्त त्या फटीसाठी. माझ्या लेअपच्या वेळी ती फट बुजली होती. त्यानंतर सतरा वर्षांखालच्या कोणत्याही सामन्यात शेवटच्या मिनिटाला सर दोन पावले आत असत. हे मी पुढे प्रेक्षकांत बसून स्वतः पाहिले आहे.

मुलींच्या सामन्यांविषयीही लिहायलाच हवे. आमच्या वेळी मुलींचा सामना म्हटला की काही पंचांची शिट्टी सैल पडायची. डबल ड्रिबल, म्हणजे हातात धरलेला चेंडू पुन्हा टप्पे देत नेणे, सोडून द्यायचे, तीन सेकंद मोजायचे नाहीत, ‘मुलीच आहेत, खेळू द्या’ असे वर म्हणायचे. त्यात दया होती आणि अपमानही होता, आणि तेरा वर्षांच्या मुलीला दोन्ही कळतात. सर आमचे तीन सेकंद हात हलवून मोजायचे. पुण्याच्याच शिरीन लिमये पुढे भारताच्या महिला संघाच्या कर्णधार झाल्या. इथल्या सिमेंटवरून मुली कुठवर जाऊ शकतात हे आता सगळे जाणतात. ते ठाऊक नव्हते तेव्हाही आमचा खेळ पूर्ण खेळ म्हणून पाहणारा एक माणूस मधल्या वर्तुळात उभा होता.

सत्कारानंतरचा सामना यंदाच्या दोन शाळांच्या मुलींमध्ये झाला. सरांनी चेंडू वर टाकला तेव्हा हात पूर्वीइतका उंच गेला नाही, पण धावताना ते मागे राहिले नाहीत. दुसऱ्या क्वार्टरमध्ये एका लहानखुऱ्या मुलीने शॉट घेणारीच्या हातावर हात मारला आणि ती खाली बघत उभी राहिली. सर टेबलासमोर आले, त्यांनी नंबर दाखवला, मनगट दाखवले, दोन बोटे दाखवली. मी तिच्या नावासमोरच्या पहिल्या चौकोनात खूण केली आणि शेजारी बारीक दोन लिहिले. वर पाहिले तेव्हा सर तिच्याजवळून जाताना काहीतरी बोलत होते. काय ते मला टेबलापर्यंत ऐकू आले नाही. ती रांगेत जाऊन उभी राहिली.

सामना संपल्यावर मी शेवटच्या गुणांखाली दोन जाड रेषा ओढल्या आणि सही केली. आधी टाइमरची, त्यानंतर माझी, मग दुसऱ्या पंचांची, आणि सर्वांत शेवटी मुख्य पंचाची, असा सह्यांचा क्रम आहे, आणि नियमपुस्तकात म्हटले आहे की या शेवटच्या सहीबरोबर पंचांचा त्या सामन्याशी असलेला संबंध संपतो. सरांनी चष्मा लावला आणि स्कोअरशीट वरपासून खालपर्यंत वाचली. आजूबाजूला फोटोसाठी गर्दी जमली होती, पगडी कोणीतरी पुन्हा पुढे आणत होते. फाउलच्या एका रांगेत मी रिकामे चौकोन तसेच सोडले होते. त्यांनी त्यावर पेनाचे टोक ठेवले आणि ते माझ्याकडे पाहत थांबले. मी रेषा मारली. मग त्यांनी सही केली, पेनाला टोपण लावले आणि प्रती वेगळ्या करायला सांगितले. पांढरी मूळ प्रत आयोजकांची, गुलाबी जिंकणाऱ्या संघाची, पिवळी हरणाऱ्या संघाची. पंचासाठी प्रत नसते. गुलाबी प्रत घ्यायला जिंकलेल्या संघाची कर्णधार टेबलाशी येऊन उभीच होती. पिवळी घ्यायला कोणी आले नव्हते. सरांनी ती उचलली, दोन घड्या घातल्या, आणि गर्दीतून वाट काढत ते कोर्टच्या पलीकडच्या बाकाकडे निघाले.